कानाआड



बोलायला सुरुवात करण्याआधी मी या टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक, टक. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माईकची तपासणी वाटली असणार. तपासणी खरं तर तुमची चालली होती. दोन्ही आवाज सारखे, मध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर. कानांनी दोन्ही सारखेच घेतले. पण आत मेंदूनं पहिल्या टकटकीची दखल घेतली आणि दुसरीला निम्मासुद्धा मान दिला नाही. हेच ना, मघाचंच, म्हणून त्यानं ती मागे टाकली.

मराठीत याला फार चांगला शब्द आहे, कानाआड करणं. आपण तो मुद्दाम केलेल्या दुर्लक्षासाठी वापरतो. सासूबाईंचं बोलणं कानाआड केलं, साहेबांचा टोमणा कानाआड केला. पण मेंदू हे काम आपल्याला न विचारता, दिवसभर करत असतो. आत्ता पाठीमागे एसी घरघरतोय, बाहेर वाकडच्या दिशेनं निघालेल्या गाड्यांचे हॉर्न आहेत, शेजारचे काका मोबाइलवर निरोप वाचताहेत, तुमच्या शर्टाची कॉलर मानेला टोचतेय. यातलं काही तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, मी नाव घेईपर्यंत. आज बोलायचं आहे ते हे कानाआड करणं ज्यांना जमेनासं होतं त्यांच्याविषयी. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. त्यातही अगदी सुरुवातीचा काळ, पहिली गोळी पोटात जाण्याआधीचा.

पुण्यात इतकी सभागृहं असताना हा विषय हिंजवडीत का, असं संयोजकांनी विचारलं होतं. मुळशी तालुक्यातलं हे गाव. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा आजही गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. पण उरलेलं वर्षभर इथल्या रस्त्यावर जी गर्दी असते तिचं वय बघा. लातूरहून, जळगावहून, चंद्रपूरहून इथल्या आयटी पार्कात कामाला आलेली, पीजीत तिघांत एक खोली घेऊन राहणारी, बावीस-चोवीस वर्षांची मुलं-मुली. स्किझोफ्रेनिया बहुतेक वेळा नेमका याच वयात डोकं वर काढतो. पुरुषांत साधारण १८ ते २५, स्त्रियांत तीन-चार वर्षं उशिरा. आयटी पार्कमुळे आजार होतो असं मी म्हणत नाही, कृपा करून तसं छापूही नका. म्हणणं एवढंच की, आजाराची पहिली चाहूल पूर्वी घरात आईला लागायची, ती आता रूममेटला लागते. आणि रूममेटला ती काय आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

एका मुलाबद्दल सांगतो. हा एक मुलगा नव्हे. पाच-सहा जणांच्या हकिगती एकत्र करून, ओळख पुसून मी तो तयार केला आहे, म्हणून शोधायला जाऊ नका. नोकरीला दीड वर्ष झालेलं. एका पावसाळ्यात त्यानं दुपारी कॅन्टीनला जाणं सोडलं. मित्रांना वाटलं, पैसे वाचवतोय. मग हेडफोन कानावरून उतरेना. त्यातही गाणं नसायचं, नुसतेच कानाला लावलेले. मीटिंगमध्ये दोनदा त्याला एकच प्रश्न विचारावा लागला. लीडनं लेखी नोंद केली, लक्ष नसतं. माझ्यासमोर बसला तेव्हा त्यानं नेमकं उलटं सांगितलं. लक्ष नाही असं नाही डॉक्टर, सगळीकडेच आहे. कॅन्टीनमध्ये समोरचा मित्र बोलतो, त्याच आवाजात पलीकडच्या टेबलावरचा चमचा बोलतो, स्टीलच्या ताटांचा ढीग बोलतो, माझा स्वतःचा घास चावण्याचा आवाजही तेवढाच. यातला कुठला ऐकायचा हे ठरवेपर्यंत मित्राचं वाक्य संपलेलं असतं.

तोवर त्याला कसलेही भास होत नव्हते. नसलेलं काही ऐकू येत नव्हतं. जे होतं तेच, पण सगळं.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपण भासांपासून सुरुवात करतो, सिनेमांनीही तीच सवय लावली आहे. पण १९६१ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन या दोघांनी नुकत्याच आजारी पडलेल्या रुग्णांना शांतपणे एवढंच विचारलं की तुम्हाला काय होतंय. उत्तरांमध्ये भासांपेक्षा हीच तक्रार पुन्हा पुन्हा आली. आवाज जास्त मोठे झालेत, रंग जास्त भडक झालेत, काही बाजूला सारता येत नाही. मॅकगी आणि चॅपमन यांनी अंदाज बांधला की निवड करणारी, गाळणारी यंत्रणाच बिघडत असावी. त्या काळी तो अंदाजच होता, मोजमाप नव्हतं.

मोजमाप आलं १९८२ साली, अमेरिकेत डेन्व्हरला. लॉरेन्स अ‍ॅडलर, रॉबर्ट फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी अगदी साधा प्रयोग केला, जो मी मघाशी टेबलावर केला तोच. माणसाला आरामखुर्चीत बसवायचं, टाळूवर इलेक्ट्रोड लावायचा, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन क्लिक ऐकवायचे, आठ-दहा सेकंद थांबायचं, पुन्हा दोन. आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक बारीकशी उसळी येते, तिला पी-फिफ्टी म्हणतात. ती इतकी क्षीण असते की एका जोडीत दिसतच नाही, अनेक जोड्यांची सरासरी काढावी लागते. निरोगी माणसात दुसऱ्या क्लिकची उसळी पहिलीच्या निम्म्याहून कमी भरते. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ती जवळजवळ पहिलीएवढीच. म्हणजे हाच आवाज आत्ताच येऊन गेला हे मेंदूला ठाऊक असूनही तो दार तितकंच सताड उघडतो.

याला जुळी अशी दुसरी चाचणी डेव्हिड ब्रॅफ यांनी त्याआधीच, १९७८ मध्ये मांडली होती. मोठा धमाका ऐकला की डोळे मिटतात. त्याआधी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतरानं एक हलकासा आवाज दिला तर डोळे कमी मिटतात, कारण मेंदू त्या हलक्या आवाजावर काम करत असतो आणि मागून येणाऱ्याला तेवढ्यापुरतं अडवतो. रुग्णांमध्ये हे अडवणं ढिलं पडतं. निरोगी माणसाला एक रात्र जागं ठेवलं तरी ते तात्पुरतं ढिलं पडतं, असं जर्मनीतल्या बॉनच्या प्रयोगांत दिसलं. नाइट शिफ्टवाल्यांनी घाबरून जाऊ नये. झोप मिळाली की ते पूर्ववत होतं, आणि जागरण म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. पण बिनझोपेच्या रात्रीनंतर सकाळी भांड्यांचा आवाज डोक्यात का जातो, त्याचं उत्तर काही अंशी तुम्हाला इथे मिळेल.

डेन्व्हरच्या कथेत एक पोटकथा आहे ती सांगायचा मोह आवरत नाही. मनोरुग्णालयात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे की हे रुग्ण प्रचंड सिगारेट ओढतात. आपण त्याला व्यसन म्हणून मोकळे होतो. फ्रीडमन यांच्या गटाला दिसलं की रुग्णांच्या रक्ताच्या नातेवाइकांपैकीही बऱ्याच जणांचं हे दार सैल असतं, जरी ते स्वतः आजारी नसले तरी. अशा नातेवाइकांना निकोटिनचं च्युइंगम दिलं तर थोड्या वेळापुरती दुसरी उसळी बसते. पुढे १९९७ मध्ये या दोषाचा धागा पंधराव्या गुणसूत्रावर, निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या अल्फा-७ नावाच्या ग्राहीच्या जनुकाजवळ सापडला. म्हणजे टपरीवर तिसरी सिगारेट पेटवणारा रुग्ण कदाचित आपल्या परीनं त्या दाराला कडी घालू बघतोय, काही मिनिटांपुरती. मग औषध कंपन्यांनी अल्फा-७ वर काम करणाऱ्या गोळ्या बनवल्या. मोठ्या चाचण्यांत त्या टिकल्या नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकांत असे अपयशी अध्याय एका ओळीत उरकतात, मला ते सविस्तर वाचायला आवडतात.

आता मेंदूच्या आत जाऊ. कान, डोळे, त्वचा यांच्याकडून येणारी जवळजवळ सगळी माहिती मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या दोन अंडाकृती गाठींमधून वर जाते. वास तेवढा अपवाद. थॅलॅमसवर नसपेशींचं एक पातळ आवरण असतं. या पेशी काही पुढे पाठवत नाहीत, फक्त थोपवतात. फ्रान्सिस क्रिक, डीएनएच्या रचनेसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं तेच, उतारवयात मेंदूकडे वळले होते. त्यांनी १९८४ मध्ये सुचवलं की लक्ष कुठे द्यायचं याचा खेळ या आवरणापाशी चालत असावा. त्याच्या जोडीला हिप्पोकॅम्पस, जो आत्ताचा आवाज मघाच्या आवाजाशी ताडून पाहतो. आणि कपाळामागचा भाग, जो काय महत्त्वाचं आणि काय नाही हे वरून सांगतो. कपाळामागचा हा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. आजाराचं वय आणि हे वय यांची गाठ पडणं योगायोग नसावा, असं या क्षेत्रातले बहुतेक जण मानतात.

या भागांची मापं बदललेली असतात का? १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नवीन असलेल्या सीटी स्कॅननं १७ जुन्या रुग्णांचे मेंदू पाहिले. मेंदूच्या आतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या होत्या. स्किझोफ्रेनिया म्हणजे आईच्या संगोपनातला दोष असं तोवर उजळ माथ्यानं सांगितलं जायचं. त्या एका निबंधानं कितीतरी आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असेल. पुढे एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसं यांचे एमआरआय एकत्र केले. हिप्पोकॅम्पस लहान, थॅलॅमस लहान, पोकळ्या मोठ्या.

पण दोन गोष्टी लगेच सांगायला हव्यात. पहिली, हे फरक सरासरीचे आहेत. हिप्पोकॅम्पसचा फरक सर्वांत ठळक, तरी तो इतका लहान आहे की रुग्ण आणि निरोगी यांचे आलेख बहुतांश एकमेकांवर पडतात. म्हणून कुणा एकाचा एमआरआय बघून स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे सांगता येत नाही. पी-फिफ्टीवरूनही नाही. ही तपासणी करून निदान देतो असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

दुसरी गोष्ट मला आज मुख्यतः सांगायची आहे. नॉर्थविक पार्कचे रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेले होते, आजार जुना झालेले. मग बदललेला मेंदू आजाराचा की औषधाचा, की धूम्रपानाचा, की भिंतीआड काढलेल्या आयुष्याचा? ही शंका कुत्सित नाही. २००५ मध्ये माकडांना सायकोसिसवरची, म्हणजे भास-संशयाच्या आजारांवरची, औषधं दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या मेंदूचं आकारमान सुमारे ८ ते ११ टक्के कमी भरलं. २०११ मध्ये आयोवात २११ रुग्णांचे स्कॅन वर्षानुवर्षं तपासताना, ज्यांना औषध जास्त त्यांच्या मेंदूचं करडं द्रव्य जास्त घटलेलं दिसलं. उलट जुन्या औषधांनी मेंदूतला कॉडेट नावाचा भाग चक्क मोठा होतो.

हा गुंता सोडवायचा तर एकच माणूस उपयोगी पडतो, ज्याला आजार आहे आणि औषध अजून मिळालेलं नाही असा. म्हणून जगभर अशा रुग्णांचा शोध घेतला जातो. २०१३ साली ३०० हून अधिक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात औषध न घेतलेले ७७१ रुग्ण होते. त्यांच्या मेंदूतही फरक सापडला. इतकंच नव्हे, तर थॅलॅमस आणि कॉडेट यांतली घट औषध घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त ठळक होती. दाराची चौकट औषधानं लहान केलेली नाही, ती आधीपासूनच तशी होती, असं मी यातून वाचतो. गाळणीच्या चाचण्यांचा निकाल मात्र इतका सरळ नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी औषध न घेतलेले, पहिल्यांदाच आजारी पडलेले रुग्ण वर्षानुवर्षं तपासले. डोळे मिटण्याच्या चाचणीत दोष वारंवार दिसला, पी-फिफ्टी मात्र कधी बिघडलेलं, कधी ठणठणीत. डेन्व्हरची सुबक कथा इथे थोडी विस्कटते. विस्कटू द्या.

आता आपल्याकडे या. युरोपात असा रुग्ण मिळवायला संशोधकांना वर्षं लागतात, कारण तिथे आजार दिसला की औषध सुरू होतं. आपल्याकडे शोधावं लागत नाही. चेन्नईत शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली स्कार्फ ही संस्था. तिथल्या आर. थारा आणि आर. पद्मावती यांनी स्कॉटलंडच्या रॉबिन मॅक्रेडी यांच्यासह तमिळनाडूतल्या अशा रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांना आयुष्यात कधीच औषध मिळालं नव्हतं. त्यांतल्या काहींच्या तोंडाच्या, जिभेच्या चमत्कारिक हालचाली होत होत्या. त्या हालचाली सहसा औषधांचा दुष्परिणाम म्हणून ओळखल्या जायच्या. औषधच नाही तर दुष्परिणाम कसला? मॅक्रेडींच्या गटानं २००२ मध्ये त्यांचे एमआरआय प्रसिद्ध केले, आणि आजाराचीही अशी एक खूण असू शकते या म्हणण्याला बळ मिळालं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बी. एन. गंगाधर आणि जी. वेंकटसुब्रमण्यन यांच्या गटानंही औषध सुरू होण्याआधीच्या मेंदूवर दीर्घकाळ काम केलं आहे.

हे निबंध मोलाचे आहेत. पण वाचताना मला लाज वाटते, आणि ती लाज संशोधकांची नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर सायकोसिस असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपचारांविना आढळले. (त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून तो आकडा आपला नाही असं मानून झोपू नये.) जगाला जो नमुना दुर्मीळ, तो आपल्याकडे गल्लीत बसलेला आहे. आणि उपचारांविना जितका काळ जातो तितकं पुढचं बरं होणं अवघड होत जातं, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. म्हणून स्कॅन काढायचा असेल तर संमती घेऊन एक-दोन दिवसांत काढा आणि औषध सुरू करा. माकडांचा आणि आयोवाचा दाखला देऊन मुलाच्या गोळ्या बंद करणारे पालक मला भेटले आहेत. अर्धवट ऐकलेलं विज्ञान देवऋषीपेक्षा कमी महाग पडत नाही.

मघाचा मुलगा माझ्यापर्यंत पोहोचायला सात महिने लागले. त्यात गावाकडचा उतारा झाला, एका नातेवाइकानं लग्न करून द्या म्हणून स्थळं आणली, एका मित्रानं विपश्यनेचा फॉर्म भरून दिला. या सात महिन्यांत सैल दारातून आत आलेल्या गोष्टींना अर्थ चिकटू लागला. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये ही पायरी फार नेमकी मांडली. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या गडबडीमुळे क्षुल्लक गोष्टीही महत्त्वाच्या वाटू लागतात, आणि माणूस त्या महत्त्वाचं कारण शोधू लागतो. भूमकर चौकातला एक हॉर्न इतका मोठ्यानं माझ्यापर्यंत का आला? माझ्यासाठीच वाजवला असणार. मग वाजवणारा कोण, त्याला कुणी पाठवलं. संशय आकाशातून पडत नाही, तो असा एकेका विटेनं बांधला जातो. आवाज सहाव्या महिन्यात आले.

आपल्या भाषेनंही थोडा घोटाळा केला आहे. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हा शब्द घडवला तो विचार, भावना आणि वर्तन यांची फारकत सांगायला. आपण त्याचं छिन्नमनस्कता केलं आणि एका देहात दोन माणसं असा अर्थ लोकांनी लावला. त्या मुलाची आई मला म्हणाली, डॉक्टर, दुसरा कोण आहे त्याच्यात? दुसरा कुणी नव्हता. तोच होता, दार उघडं टाकून बसलेला.

पुण्यात या आजारावर उघडपणे बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यात जगन्नाथ वाणी यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. धुळ्याचा माणूस, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक, पत्नीला हा आजार. घरातली गोष्ट घरात ठेवण्याची आपली रीत त्यांनी मोडली आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलतात, एवढंच वाटतं, पण सात महिन्यांचे सात आठवडे तिथेच होतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही वाणींच्या पाठबळातून आला. अतुल कुलकर्णींचा शेष अनेकांना आठवत असेल. मला त्याची बहीण जास्त आठवते, कारण माझ्या दवाखान्यात रोज कुणाची तरी बहीणच बाहेर बाकावर बसलेली असते. वाणी २०१७ मध्ये गेले.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे विचारणार म्हणून सांगतो. औषधानं पाच-सहा आठवड्यांत आवाज गेले. संशय हळूहळू विरला. पण नेहमीची औषधं गाळणी फारशी दुरुस्त करत नाहीत. काही रुग्णांत क्लोझापिननं पी-फिफ्टी सुधारतं असं दिसलंय, पण ते औषध सुरुवातीला देण्याचं नाही. त्यामुळे त्याचे आवाज गेले, गोंगाट उरला. कामावर परतला तेव्हा त्याला पुन्हा त्याच जागी बसवलं, पँट्रीच्या दाराशी, कॉफी मशीनजवळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देणंही आहे, हे एचआरला माहीत नव्हतं. मलाही ते पत्र लिहायला बसेपर्यंत नीट माहीत नव्हतं, कबूल करतो. पत्रात मी पी-फिफ्टी वगैरे काही लिहिलं नाही. लिहिलं की याला भिंतीकडे तोंड करून, रहदारीपासून लांबची जागा द्यावी, आणि मीटिंगनंतर ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवावं.

जागा मिळाली. दुपारी तो अजूनही कॅन्टीनला बारा वाजताच जातो, गर्दी व्हायच्या आत. हल्ली एक मित्र त्याच्याबरोबर लवकर जेवायला लागला आहे.